लोकसहभागातून क्रीडांगण विकास : कायदा, निकष आणि कार्यपद्धती

वस्तीतील जुन्या क्रीडांगणाचे नूतनीकरण करताना परिसरातील रहिवाशांचे, विशेषतः तेथे खेळणाऱ्या मुलामुलींचे म्हणणे आराखडा तयार होण्यापूर्वी विचारात घेण्याच्या पद्धतीस लोकसहभागातून क्रीडांगण विकास असे म्हणतात. अशा विचारविनिमयाविना झालेल्या कामांत सुशोभीकरणावर भर राहून प्रत्यक्ष खेळाची जागा घटण्याचा धोका असतो. पदपथ, कारंजे, हिरवळ आणि कुंपण यांनी मैदान व्यापले की निधी खर्च होतो, परंतु कबड्डी, खो-खो किंवा लगोरीला जागा उरत नाही.

घटनात्मक व कायदेशीर आधार

चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. तिच्याद्वारे समाविष्ट झालेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी स्थानिक संस्थांकडे सोपवता येतील असे १८ विषय असून उद्याने, बागा व क्रीडांगणे यांसारख्या नागरी सुविधा हा त्यांतील बारावा विषय आहे. तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या स्थापन करण्याची तरतूदही याच दुरुस्तीने केली. रहिवाशांची मागणी महापालिकेपर्यंत नेण्याचा तो एक अधिकृत मार्ग आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेतील ३१ व्या कलमाने मुलांचा खेळण्याचा हक्क मान्य केला आहे. भारताने ही संहिता डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार सार्वजनिक सुविधा दिव्यांगांना वापरता येतील अशा असणे अपेक्षित आहे. त्यामुळे उतरंड, रुंद प्रवेशद्वार आणि चाकाच्या खुर्चीवरून पोहोचता येईल अशी खेळणी यांचा विचार आराखड्यातच करावा लागतो.

बंगळुरूचा निवाडा

बंगळुरूच्या राजमहाल विलास विस्तारातील सार्वजनिक उद्यानासाठी राखीव असलेला भूखंड खासगी शुश्रूषागृहासाठी एका न्यासाला देण्यात आला होता. परिसरातील रहिवाशांनी त्यास न्यायालयात आव्हान दिले. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने त्यांच्या बाजूने निर्णय दिल्यानंतर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ‘बंगलोर मेडिकल ट्रस्ट’ खटला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये न्यासाचे अपील फेटाळले. सार्वजनिक मोकळी जागा खासगी वापरासाठी वळवता येत नाही आणि तिच्या रक्षणासाठी दाद मागण्याचा रहिवाशांना अधिकार आहे, ही दोन्ही तत्त्वे या निवाड्याने दृढ केली.

जागेचे निकष

केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या २०१४ च्या नगररचना मार्गदर्शक तत्त्वांनुसार शहरात दरडोई १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी. पाच हजार लोकसंख्येमागे अर्धा हेक्टर आणि पंधरा हजार लोकसंख्येमागे एक हेक्टर उद्यान त्यांत सुचवले आहे. दाट वस्तीच्या जुन्या शहरांत नवी जागा मिळणे अवघड असल्याने असलेल्या मैदानाचा वापर कसा व्हावा, या प्रश्नाला अधिक महत्त्व येते. पुरुषांच्या कबड्डीच्या मैदानाचे माप १३ बाय १० मीटर असते. बाके व पदपथ यांची आखणी करताना अशी मापे आधी निश्चित केल्यास खेळाची जागा सुरक्षित राहते.

कार्यपद्धती

प्रथम जागेची मालकी व विकास आराखड्यातील आरक्षण तपासले जाते. त्यानंतर सकाळी, दुपारी, सायंकाळी आणि सुटीच्या दिवशी मैदानावर कोण येते, कोठे खेळते आणि कोण येत नाही, याची नोंद घेतली जाते. न येणाऱ्यांची कारणे जाणणे विशेष आवश्यक असते. ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथे १९९० च्या दशकातील अभ्यासात सुमारे दहा वर्षे वयानंतर मुली उद्यानांत येईनाशा होतात असे आढळले. त्यावरून काही उद्यानांची रचना बदलून वेगवेगळ्या गटांसाठी स्वतंत्र जागा आखण्यात आल्या.

विचारविनिमय एकाच जाहीर सभेत उरकणे पुरेसे नसते. कामावर जाणाऱ्या महिला, जवळच्या झोपडवस्तीतील मुले आणि ज्येष्ठ नागरिक यांच्याशी त्यांच्या सोयीच्या वेळी स्वतंत्रपणे बोलावे लागते. लहान मुलांकडून चित्रांच्या किंवा मातीच्या प्रतिकृतींच्या साह्याने सूचना मिळवता येतात. आलेल्या सूचनांचा प्राधान्यक्रम ठरवून अभियंता कच्चा आराखडा बनवतो. तो मैदानावरच लावून हरकती घेतल्यानंतर अंदाजपत्रक, निविदा व कार्यादेश हे टप्पे येतात.

तांत्रिक बाबींत पावसाच्या पाण्याचा निचरा, झोपाळे व घसरगुंडीखाली वाळू किंवा रबराचा मऊ थर, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह आणि दिवे यांना अग्रक्रम द्यावा लागतो. पत्र्याची घसरगुंडी भर उन्हात असल्यास दुपारी तापून निरुपयोगी ठरते, म्हणून तिच्यासाठी सावलीची जागा निवडली जाते.

निधी व उपक्रम

स्थानिक संस्थेचे अंदाजपत्रक हा निधीचा मुख्य स्रोत असून खासदार व आमदार स्थानिक विकास निधीतूनही अशी कामे घेता येतात. पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांकडून प्रभागातील कामे सुचवून घेणारी सहभागी अंदाजपत्रकाची पद्धत सुरू केली. केंद्र सरकारने २०२० मध्ये पाच वर्षांपर्यंतच्या बालकांच्या गरजा ध्यानात घेऊन शहरांतील मोकळ्या जागा सुधारण्यासाठी राष्ट्रीय स्पर्धात्मक उपक्रम जाहीर केला.

अडचणी

क्रिकेट खेळणारे तरुण आणि फेरफटका मारणारे ज्येष्ठ, लहान मुलांचा गलबला आणि शेजारच्या इमारतींची शांततेची अपेक्षा, वाहने लावण्याचा आग्रह, प्रवेशशुल्क आणि फाटक बंद करण्याच्या वेळा हे नेहमीचे वादविषय होत. वेळापत्रक आणि जागेची विभागणी आराखड्याच्या टप्प्यावरच लेखी ठरवल्यास यांतील बरेच वाद टळतात. देखभालीची तरतूद नसल्यास तुटलेले झोपाळे व उखडलेली फरसबंदी पुन्हा दिसू लागते. त्यामुळे वार्षिक देखभाल खर्च मूळ प्रस्तावातच दाखवणे आणि काम पूर्ण झाल्यावर काही महिन्यांनी वापराची पुन्हा नोंद घेणे, हे या पद्धतीचे अखेरचे टप्पे मानले जातात. आधी न येणारी मुले आता मैदानावर येतात का, हे त्या नोंदीतून कळते.