प्रस्तावना : आयर्लंडची सीमा समजून घेताना

डब्लिनहून बेलफास्टकडे मोटारीने जाताना न्यूरी शहराच्या थोडे अलीकडे आयर्लंडचे प्रजासत्ताक संपते आणि युनायटेड किंग्डममधला उत्तर आयर्लंड सुरू होतो. लक्ष असेल तरच ते कळते, कारण वेगमर्यादेच्या पाट्यांवर किलोमीटरऐवजी मैल येतात. सुमारे ५०० किलोमीटर लांबीच्या या सीमेवर आज माल तपासणारा नाका नाही. जिथे पाहण्यासारखे काही उरलेच नाही, तिथे मराठी वाचकाने का पाहावे? दुभंगलेल्या समाजातली शांतता कशाच्या आधारावर टिकते आणि कशाने डळमळते, हे इथे जितके लख्ख दिसते तितके फार थोड्या ठिकाणी दिसते, म्हणून.

१९२१ मध्ये आयर्लंडची फाळणी झाली तेव्हा सहा परगण्यांच्या जुन्या हद्दी हीच सीमा ठरली. त्या हद्दी स्थानिक कारभारासाठी होत्या. शेतांतून, ओढ्यांतून, वस्त्यांमधून त्या कशाही जात. पेटिगो हे गाव तर एका नदीने दोन राज्यांत वाटले गेले. १९२३ पासून जकात नाके आले आणि ठरावीक रस्त्यांनीच माल न्यावा असा नियम झाला. पुढे युनायटेड किंग्डममध्येच राहू पाहणारे युनियनिस्ट आणि एकसंध आयर्लंड हवे असणारे नॅशनॅलिस्ट यांच्यात १९६० च्या दशकाच्या अखेरीस हिंसाचार पेटल्यावर ब्रिटिश लष्कराने कित्येक लहान रस्ते स्फोटांनी उखडले, काही काँक्रीटचे ठोकळे टाकून बंद केले. गावकरी जमून खड्डे बुजवत, लष्कर पुन्हा रस्ता उखडे. शेजारच्या शेतावर किंवा चर्चला जायला मैलोगणती वळसा पडू लागला, की सीमेचा राग घराघरांत मुरतो. नाक्यावर हल्ला झाला की राखणीला पोलीस येत, पोलिसांच्या राखणीला सैनिक, आणि मग तेही निशाण्यावर. २२ ऑगस्ट १९७२ रोजी न्यूरीच्या जकात कार्यालयातल्या स्फोटात नऊ जण ठार झाले. एकूण संघर्षात सुमारे साडेतीन हजार माणसे गेली.

हा संघर्ष मिटवण्यासाठी झालेल्या १० एप्रिल १९९८ च्या गुड फ्रायडे कराराने दोन्ही बाजूंना मोठी मुभा दिली. उत्तर आयर्लंडमध्ये जन्मलेल्या माणसाने स्वतःला ब्रिटिश म्हणवावे, आयरिश म्हणवावे किंवा दोन्ही. दोन्ही देश युरोपीय संघात असल्याने जकात तपासणी १९९३ पासूनच थांबली होती. करारानंतर लष्कराचे टेहळणी मनोरेही हळूहळू गेले. युनियनिस्ट म्हणू शकत होता की आपण युनायटेड किंग्डममध्येच आहोत. नॅशनॅलिस्टला रोजच्या जगण्यात सीमा जाणवेनाशी झाली. माझ्या मते या कराराचे खरे शहाणपण या दुहेरी समाधानात आहे.

युनायटेड किंग्डमने युरोपीय संघ सोडावा असा कौल देणाऱ्या २०१६ च्या ब्रेक्झिट मतदानाने नेमका त्यालाच धक्का लागला. उत्तर आयर्लंडमधल्या ५५.८ टक्के मतदारांनी युरोपीय संघात राहण्याच्या बाजूने कौल दिला होता, पण निर्णय साऱ्या देशाचा होता. सीमेच्या एकाच बाजूला युरोपीय संघ उरल्यावर मालाची तपासणी कुठेतरी करणे भाग होते. जमिनीवर केली तर नॅशनॅलिस्ट दुखावणार, ब्रिटन आणि उत्तर आयर्लंड यांच्यामधल्या समुद्रावर केली तर युनियनिस्ट. २०२१ पासून ती बंदरांवर सुरू झाली. ब्रिटनहून येणाऱ्या रोपाच्या मुळांना तिथली माती चिकटलेली असेल, तर ते रोप बेलफास्टच्या रोपवाटिकेत येऊ शकत नव्हते. कृषी खात्याच्या दृष्टीने ही रोगप्रतिबंधाची साधी बाब. पण ज्याची सारी ओळख ब्रिटिश असण्यावर उभी आहे, त्याच्या मनात ब्रिटनची मातीच नाकारली जाते तेव्हा काय होत असेल, याची कल्पना वाचकांनी करून पाहावी. त्या वसंतात बेलफास्टमध्ये दंगली झाल्या. त्यांची कारणे अनेक होती. हा राग हे त्यांतले एक कारण होते.

या विषयात नव्याने येणाऱ्याने आधी मूळ करार वाचावा. तो एका संध्याकाळी वाचून होतो. मग मोठा नकाशा समोर ठेवून कोल्म टोबिन या लेखकाचे सीमेकाठच्या पायपिटीवरचे पुस्तक घ्यावे. हा केवळ कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांचा धर्माचा झगडा आहे, अशी समजूत मात्र वाचकांनी सुरुवातीलाच बाजूला ठेवावी; भांडण मुख्यतः कोणत्या राज्याचे म्हणून जगायचे याचे आहे. थोडे हलके वाचायचे असेल, तर आपल्या अहमदनगरात १९१८ मध्ये जन्मलेल्या आणि पुण्यात बालपण गेलेल्या स्पाइक मिलिगन यांची ‘पकून’ ही कादंबरी आहे. तिच्यात सीमा एका खेड्याच्या दारूच्या गुत्त्यातून आणि दफनभूमीतून जाते. आपल्या मातीत जन्मलेल्या माणसाने हा विषय इतक्या मायेने हाताळला, याचे मला अप्रूप वाटते.

वर्तमान समजून घ्यायचे असेल, तर तुम्ही उत्तर आयर्लंडच्या विधानसभेतल्या १० डिसेंबर २०२४ च्या मतदानाकडे वळा. बंदरांवरची व्यवस्था पुढे चालू ठेवण्याचा ठराव ४८ विरुद्ध ३६ मतांनी मंजूर झाला. बाजूने मत देणाऱ्यांत एकही युनियनिस्ट नव्हता. दोन्ही समाजांचा पाठिंबा असता तर मंजुरी आठ वर्षांची झाली असती. ती चारच वर्षांची आहे.