भरदुपारचा खून, रात्रीची फेरी

पुण्यातली भुताटकीची पायी फेरी सुरू कुठूनही होवो, शनिवारवाड्यापाशी आल्याशिवाय राहत नाही. दिल्ली दरवाजासमोर वाटाड्या आवाज उतरवतो, दारावरच्या अणकुचीदार खिळ्यांकडे बोट दाखवतो आणि ‘काका, मला वाचवा’ ही हाक स्वतःच्याच गळ्यातून काढतो. घोळक्यातलं एखादं पोर आईची ओढणी धरतं. फेरीचे पैसे तिथेच वसूल होतात.

भूत म्हणे अमावास्येच्या रात्री ओरडतं, कुणी पौर्णिमेच्या म्हणतात. नारायणराव पेशव्यांचा खून मात्र ३० ऑगस्ट १७७३ रोजी, भाद्रपद शुद्ध त्रयोदशीला, भरदुपारी झाला. गणपती बसलेले होते. थकलेला पगार मागत गारदी वाड्यात घुसले आणि अठरा वर्षांचा पेशवा चुलत्याच्या, रघुनाथरावांच्या दालनाकडे धावला. आनंदीबाईंनी ‘धरावे’चं ‘मारावे’ केलं, ही दंतकथा. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून रघुनाथरावांना दोषी धरलं, हा इतिहास. फेरीत पहिलीला दहा मिनिटं मिळतात, दुसऱ्याला जेमतेम एक.

चाफाजी टिळेकराला तर तेवढंही मिळत नाही. हा पेशव्यांचा खिजमतगार. धन्यावर अंग टाकून त्याने वार झेलले आणि तिथेच मेला. त्याची हाक कुणाला ऐकू येत नाही. शिवाय १७३० साली बांधायला घेतलेला हा वाडा १८२८ च्या आगीत खाक झाला. उरली ती तटबंदी, दरवाजे, जोती आणि कारंज्यांचे हौद. भुताला ओरडायला आता दालनही नाही.

भूत व्हायलासुद्धा घराणं लागतं, असं वाटायला लावणारी दुसरी जागा पुण्याहून तास-दीड तासावर आहे. मुळशीला.

मुंबईला वीज हवी होती म्हणून टाटा कंपनीने मुळा-निळेच्या खोऱ्यात धरण घातलं. खोऱ्यातली बावन्न गावं त्याच्या पोटात जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळे कामावर जाऊन बसले आणि काम थांबवलं. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. पण लढ्याला चीर पडली ती पुण्याच्या वाड्यांतून. खोऱ्यातली बरीच भातखाचरं गहाणवटीने पुण्याच्या सावकारांकडे गेली होती. त्यांना मोबदला पुरेसा वाटला, कसणाऱ्याला जमीनच हवी होती. १९२४ पर्यंत लढा संपला, बापट तुरुंगात गेले आणि पुढे धरण पुरं झालं. विनायकराव भुस्कुट्यांनी या सत्याग्रहाचा इतिहास लिहून ठेवला, म्हणून निदान तपशील तरी हाती लागतो.

पाणी फार खाली गेलेल्या उन्हाळ्यात जुन्या घरांचे दगडी चौथरे गाळातून डोकं काढतात. एका चौथऱ्यावरून दुसऱ्यावर चालत गेलं की मधली बोळ ध्यानात येते. इथे वाटाड्या नसतो, तिकीट नसतं. वर रस्त्याकडेला गाड्या लागलेल्या असतात, भाजलेल्या कणसांना लिंबू-मीठ चोळलं जात असतं आणि धरणाचं पाणी सह्याद्रीपलीकडे, कोकणातल्या भिऱ्याच्या वीजघराकडे निघालेलं असतं. तालुक्याला नाव मुळशीचं, कचेरी मात्र पौडला.