वाळूमाशीचा माग भिंतीच्या भेगांत

पावसाळा सुरू होताच चंद्रपूर आणि गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांत आरोग्य विभागाचे लक्ष हिवतापाकडे लागते. डबकी बुजवणे, गप्पी मासे सोडणे, पाण्याची भांडी रिकामी करून कोरडा दिवस पाळणे ही कामे नागरिकांच्याही परिचयाची झाली आहेत. मात्र याच दिवसांत वाढणारी वाळूमाशी या उपायांना दाद देत नाही, कारण तिची पैदास पाण्यात होतच नाही. आरोग्य कर्मचाऱ्यांमध्ये 'सँडफ्लाय' याच नावाने ओळखला जाणारा हा कीटक चंडीपुरा मेंदूज्वराच्या विषाणूचा प्रमुख वाहक मानला जातो.

विदर्भाशी जुने नाते

हा विषाणू विदर्भातीलच गावाचे नाव घेऊन जगभर ओळखला जातो. १९६५ मध्ये नागपूरजवळील चंडीपुरा येथील तापाच्या रुग्णांच्या रक्तात तो प्रथम सापडला. त्याचा शोध पुण्याच्या तत्कालीन विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजेच आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने लावला. पुढे औरंगाबाद, आताचे छत्रपती संभाजीनगर, येथे पकडलेल्या वाळूमाश्यांतही तो आढळल्याचे १९७० मध्ये प्रसिद्ध झाले. तरीही जवळपास चार दशके त्याच्याकडे फारसे लक्ष गेले नाही.

२००३ मध्ये चित्र पालटले. गोदावरी व प्राणहितेपलीकडील तत्कालीन आंध्र प्रदेशात ३२९ बालकांना मेंदूज्वर होऊन १८३ बालके दगावली आणि तपासणीत चंडीपुरा विषाणूचा हात स्पष्ट झाला. त्याच वर्षी विदर्भातही मेंदूज्वराची साथ पसरली होती. २००७ च्या पावसाळ्यात चंद्रपूर व गडचिरोलीचा समावेश असलेल्या नागपूर विभागात ७८ रुग्णांची नोंद झाली. त्यांतील ३४ जणांचा मृत्यू झाला. २०२४ मध्ये गुजरातमध्ये पुन्हा मोठा उद्रेक झाला. त्या वर्षी जूनपासून १५ ऑगस्टपर्यंत देशात तीव्र मेंदूज्वराच्या २४५ रुग्णांची व ८२ मृत्यूंची नोंद झाली. त्यांपैकी ६४ रुग्णांत चंडीपुराचे निदान निश्चित झाले.

या आजाराला प्रामुख्याने १५ वर्षांखालील मुले बळी पडतात. अचानक तीव्र ताप, उलट्या, झटके आणि त्यानंतर बेशुद्धी असा त्याचा वेगवान क्रम असतो. अनेक रुग्ण २४ ते ४८ तासांत दगावतात. त्यावर खास औषध किंवा लस उपलब्ध नाही. त्यामुळे रुग्ण आढळल्यानंतर धावपळ करण्यापेक्षा वाळूमाशीवर आधीपासून नजर ठेवणे अधिक मोलाचे ठरते.

शोध कुठे घ्यावा?

वाळूमाशी जेमतेम दोन ते तीन मिलिमीटर लांबीची, डासापेक्षा बरीच लहान असते. अंग केसाळ, रंग मातकट आणि बसताना पंख उभे ठेवण्याची सवय यांवरून ती ओळखता येते. तिला दूरवर उडता येत नाही. ती जमिनीलगत टुणटुण उड्या मारत सरकते. दिवसा ती भिंतीच्या भेगांत व अंधाऱ्या कोपऱ्यांत दडून बसते आणि सायंकाळनंतर चावण्यासाठी बाहेर पडते. शेण, पालापाचोळा यांनी समृद्ध अशा ओलसर मातीत तिची अंडी वाढतात.

त्यामुळे केवळ जंगलातील गावेच नव्हे, तर शहराच्या कडेला वाढलेल्या वस्त्याही तिला सोयीच्या ठरतात. घराला लागून गोठा, मागे शेणखताचा उकिरडा, गिलावा न केलेल्या विटांच्या भिंती असे चित्र जिथे असते, तिथे तिला आसरा मिळतो.

सर्वेक्षणाची पद्धत

हे काम कीटक समाहारक करतात. विजेरी व शोषनळी घेऊन ते सकाळी घरे आणि गोठ्यांच्या भिंती तपासतात. दोन कर्मचाऱ्यांनी प्रत्येकी अर्धा तास शोध घेऊन १२ माश्या पकडल्या, तर घनता दर मनुष्य-तासाला १२ अशी मांडतात. रात्री जमिनीलगत प्रकाश सापळे लावले जातात; एरंडेल तेल लावलेल्या कागदांचे चिकट सापळेही वापरतात. पकडलेल्या माश्यांची जात सूक्ष्मदर्शकाखाली निश्चित करून विषाणूच्या तपासणीसाठी त्यांचे गट प्रयोगशाळेत पाठवले जातात.

एका दिवसाच्या आकड्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. त्याच घरांची त्याच पद्धतीने दर महिन्याला पाहणी झाली, तरच घनता कुठे व केव्हा वाढते हे कळते आणि फवारणीची वेळ ठरवता येते. संसर्ग झालेल्या मादीकडून विषाणू अंड्यांवाटे पुढील पिढीत जाऊ शकतो, असे प्रयोगशाळेतील अभ्यासांत दिसले आहे. साथ ओसरल्यावरही पाहणी सुरू ठेवण्याचे हे एक कारण आहे.

नागरिकांनी काय करावे?

भिंतींच्या भेगा माती, चुना किंवा सिमेंटने बुजवाव्यात. उकिरडा घरापासून दूर न्यावा आणि गोठा कोरडा ठेवावा. फवारणी पथकाला गोठ्यासह सर्व खोल्या खुल्या कराव्यात. फवारलेल्या भिंती लगेच सारवू नयेत. साध्या मच्छरदाणीच्या छिद्रांतून वाळूमाशी आत शिरू शकते, म्हणून मुलांना बारीक जाळीच्या किंवा कीटकनाशकभारित मच्छरदाणीत झोपवावे. मुलाला तापासोबत झटके आल्यास घरगुती उपचारांत वेळ न दवडता तत्काळ रुग्णालय गाठावे.