गावचा फेरफार, तालुक्याची प्रत

बिदर जिल्ह्याच्या औराद तालुक्यात चिंताकी हे होबळीचे गाव आहे. तेथे एखादा शेतकरी वारतो, भावाभावांत वाटणी होते, कोणी विहिरीकाठचा तुकडा विकतो. बदल घडतो तो गावात. परंतु बँकेचे कर्ज किंवा पिकाची नुकसानभरपाई मागण्याची वेळ आली, की विचारले जाते ते एवढेच, की पहाणीपत्रकात नाव कोणाचे आहे? गावातला बदल दूरच्या समाईक प्रतीत बिनचूक कसा पोहोचवावा, हा प्रश्न या मुलखात संगणक येण्याच्या फार पूर्वीपासून पडलेला आहे.

निजामी अमदानीत हे काम वंशपरंपरेने पटवाऱ्याकडे असे. दफ्तर त्याच्या ताब्यात, आणि दफ्तराची भाषाही त्यालाच कळणारी. पोलीस कारवाईनंतर हैदराबाद राज्यात १९५४-५५ साली खासरा पहाणी झाली. लगेच १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते राज्यच तीन ठिकाणी वाटले गेले. जुन्या बिदर जिल्ह्यातले उदगीर, अहमदपूर व निलंगा मराठवाड्याबरोबर गेले, जहीराबाद आणि नारायणखेड आंध्राकडे गेले, आणि औराद म्हैसूर राज्यात आले. म्हैसूरने १९६१ च्या कायद्याने वतनी ग्रामाधिकार रद्द केले व पगारी ग्रामलेखापाल नेमले. पुढे त्यांची संख्या राज्यात सुमारे नऊ हजारांवर गेली आणि एकेकाकडे तीन-चार गावांची दफ्तरे आली.

वतन गेले, तरी दफ्तर एकाच माणसाच्या हाती राहिले. उतारा हवा असेल तर तो मनुष्य कोणत्या गावी आहे हे आधी शोधावे लागे. तो आपल्या प्रतीत एक लिही आणि वरच्या कचेरीत वर्षानुवर्षे दुसरेच राही. मागाहून भलत्याच शाईने घातलेले नाव कधीचे आणि कोणाच्या हुकुमावरून, याचा पत्ता लागत नसे. दोन प्रतींत मेळ नसला म्हणजे खरी प्रत कोणती, ते ज्याच्या पदरी पैसा तो ठरवी.

मौज अशी की संगणकाचे कार्यक्रम लिहिणाऱ्यांना हाच पेच पडला होता. अनेकांनी मिळून लिहिलेल्या मजकुरात कोणी, केव्हा, काय बदलले याची वही ठेवणारी योजना मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केली. १९८६ मध्ये हॉलंडच्या डिक ग्रून यांनी अनेकांना एकाच वेळी काम करता येईल अशी पद्धत काढली. एप्रिल २००५ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी ‘गिट’ रचले. त्यात प्रत्येकाजवळ सारा इतिहास असलेली पूर्ण प्रत असते. बदल प्रथम आपल्या प्रतीत नाव व वेळ घालून नोंदवायचा, मग दूरच्या समाईक प्रतीकडे ढकलायचा. या ढकलण्यालाच ते ‘पुश’ म्हणतात. दरम्यान दुसऱ्याने तेथे काही भर घातली असेल, तर ती प्रत आपला बदल सरळ नाकारते. त्याची भर आधी आपल्याकडे आणावी, आपल्या कामाशी जुळवावी, मगच पुन्हा पाठवावे. जबरदस्तीने लोटण्याचीही सोय आहे. पण तसे केल्यास दुसऱ्याचे काम पुसले जाते, म्हणून शहाणी मंडळी समाईक प्रतीवर ती बंद ठेवतात.

कर्नाटकाने या शतकाच्या आरंभी ‘भूमी’ योजना आणली, तिच्यात या शिस्तीचा बराचसा अंश दिसतो. राष्ट्रीय सूचना केंद्राने घडविलेल्या या व्यवस्थेत ६७ लाख खातेदारांच्या सुमारे दोन कोटी नोंदी तालुक्याच्या संगणकांत उतरल्या. फेरफाराचा अर्ज तेथे आल्या क्रमानेच हाताळायचा. ग्रामलेखापालाने संबंधितांना नोटीस द्यायची आणि तीस दिवस हरकतीची वाट पाहायची. हरकत नसेल तर महसूल निरीक्षकाने हुकूम करायचा. मग तो कागद यंत्रात चित्ररूपाने साठवून, अंगठ्याच्या ठशाने ओळख पटलेल्या कर्मचाऱ्याने नवी नोंद करायची. कोणाच्या हातून काय झाले याचा माग त्यामुळे राहू लागला. जुन्या शाईचा खेळ पुष्कळसा संपला, हे श्रेय लहान नव्हे.

तथापि एक फरक दृष्टीआड करू नये. गिटमध्ये मधली प्रत जळाली तरी कोणाच्याही प्रतीवरून ती पुन्हा उभी राहते. ‘भूमी’ने मात्र हस्तलिखित पहाणी कायद्याने बाद ठरविली. खरी मानावी अशी प्रत गावात उरली नाही, आणि गावातल्या हातची सत्ता तालुक्याच्या हाती गेली. बंगळूरच्या परिसराविषयी २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने तर असे म्हटले, की या केंद्रीकरणाने लाच कमी झाली नाही आणि जमिनी मिळवणे बड्या धनिकांनाच सोपे झाले.

औरादच्या मराठी शेतकऱ्याची अडचण याहून साधी आहे. तालुक्याहून मिळणारा उतारा कन्नडमध्ये असतो. मराठी शाळेत शिकलेल्या म्हाताऱ्याला आपले नाव आणि हिस्सा बरोबर उतरला की नाही हे ताडून पाहायचे असेल, तर कन्नड शाळेत जाणाऱ्या नातवाला शेजारी बसवून एकेक ओळ वाचवून घ्यावी लागते.