मतदानाने ठरलेला जगज्जेता : जॉनी मॉस आणि एका दंतकथेची तपासणी

१/ १९७० साली लास वेगासमध्ये पोकरचा पहिला जगज्जेता जाहीर झाला, तो अंतिम सामना जिंकून नव्हे, तर मतदानाने. 'बिनियन्स हॉर्सशू' या कॅसिनोत जमलेल्या नामांकित खेळाडूंनी आपल्यातील सर्वोत्तम म्हणून टेक्सासच्या जॉनी मॉसची निवड केली. पहिल्या फेरीत प्रत्येकाने स्वतःलाच मत दिले, अशीही एक कथा सांगतात. #धागा

२/ मॉसचा जन्म १९०७ चा. बालपण डलासमध्ये गेले. पत्त्यांतील लबाडी तो पोरवयातच लबाडांकडून शिकला आणि पुढे एका अड्ड्यावर तीच लबाडी पकडण्याच्या कामाला लागला. नंतर तो गावोगाव हिंडणारा जुगारी झाला. टेक्सासमध्ये जुगार बेकायदा होता. डाव जिंकण्याइतकेच जिंकलेले पैसे घेऊन सुखरूप बाहेर पडणे कठीण होते.

३/ या धंद्यात खातेवही नव्हती, करारपत्र नव्हते. कोणाशी खेळावे आणि कोणाला उसने द्यावे, हे नावलौकिकावर ठरे. पत हेच जुगाऱ्याचे खरे भांडवल. म्हणूनच मॉसविषयीच्या कथांचे मोल केवळ करमणुकीपुरते नव्हते.

४/ यांतील सर्वांत प्रसिद्ध कथा अशी : १९४९ साली बेनी बिनियनने आपल्या हॉर्सशूमध्ये मॉस आणि 'निक द ग्रीक' डँडोलॉस यांना समोरासमोर बसवले. बघ्यांच्या गर्दीत पाच महिने खेळ चालला आणि शेवटी डँडोलॉसने हार मानली. त्याने गमावलेली रक्कम सांगणाऱ्यागणिक २० लाखांपासून ४० लाख डॉलरपर्यंत बदलते.

५/ आता साधनांची कसोटी लावू. बिनियनने लास वेगासमधील 'एल्डोराडो क्लब' विकत घेऊन त्याला 'हॉर्सशू' हे नाव दिले, ते १९५१ साली. म्हणजे १९४९ मध्ये ज्या जागी हा सामना झाल्याचे सांगतात, ती जागाच त्या नावाने अस्तित्वात नव्हती! काहीजण म्हणून सामन्याचे साल १९५१ करतात. परंतु साल सरकवल्याने पुरावा निर्माण होत नाही.

६/ ही कथा सर्वदूर पोहोचली ती इंग्रज लेखक अल अल्वारेझ यांच्या १९८३ च्या 'द बिगेस्ट गेम इन टाउन' या पुस्तकामुळे. त्यांना ती सांगणारा होता खुद्द मॉस. डँडोलॉस १९६६ सालीच वारला होता. आपली बाजू मांडायला तो उरला नव्हता. विजेत्याची आठवण हाच इतिहास ठरला आणि पराभूताची ओळख त्या एका पराभवापुरती उरली.

७/ त्या सामन्याला झालेली गर्दी पाहूनच बिनियनला 'वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर' सुचली, असेही सांगितले जाते. तिचे जवळचे मूळ मात्र १९६९ सालचे आहे. त्या वर्षी रेनो शहरात टॉम मूरने टेक्सासच्या जुगाऱ्यांचा मेळावा भरवला. बिनियन तिथे हजर होता. पुढच्याच वर्षी त्याने तशी स्पर्धा आपल्या कॅसिनोत आणली.

८/ मग मॉसची कीर्ती पोकळ होती काय? मुळीच नाही. १९७१ साली मतदान बंद झाले आणि सर्व चिप्स एकाकडे जाईपर्यंत खेळण्याची पद्धत आली. प्रवेशशुल्क होते ५,००० डॉलर. मॉसने ३०,००० डॉलर जिंकून किताब राखला. १९७४ मध्ये तो पुन्हा जगज्जेता झाला. बक्षीस १,६०,००० डॉलर. वयाची ८० वर्षे पूर्ण झाल्यावरही, १९८८ साली, त्याने या मालिकेतील एक स्पर्धा जिंकली.

९/ मराठी इतिहासप्रेमींना ही गोष्ट परकी वाटू नये. घटनेनंतर अनेक वर्षांनी लिहिलेली बखर टाकाऊ नसते. त्या काळाला काय थोर वाटले, हे तिच्यातून कळते. पण तारीख आणि रक्कम यांसाठी समकालीन कागदच हवा. १९४९ चा मॉस बखरीतला आहे, १९७१ चा कागदोपत्री. १९७० चा मॉस या दोहोंच्या मध्ये उभा आहे : त्या दिवशी त्याच्या हाती पडलेला किताब डावाने नव्हे, लौकिकाने मिळवून दिला होता.