झोपेवर सत्ता कोणाची? लिनक्स, लॅपटॉप आणि काळ्या पडद्याचा इतिहास

१/१७
लॅपटॉपचे झाकण मिटावे, यंत्राने झोपी जावे. झाकण उघडावे आणि अर्धवट राहिलेले वाक्य पडद्यावर जसेच्या तसे दिसावे. आज ही अपेक्षा कोणालाही अवाजवी वाटणार नाही. लिनक्स वापरणाऱ्यांना मात्र या एका सोयीसाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले. झाकण उघडताच पंखा फिरे, दिवा लागे. पडदा मात्र काळाच राही. या काळ्या पडद्यामागे एक जुना प्रश्न दडलेला आहे. विकत घेतलेल्या यंत्रावर अखेरची सत्ता कोणाची? त्या प्रश्नाचा हा इतिहास. #थ्रेड #इतिहास #लिनक्स

२/१७
प्रथम झोपेचे दोन प्रमुख प्रकार समजून घेऊ. पहिल्या प्रकारात केवळ मेमरीला वीज मिळत राहते आणि बाकी जवळजवळ सारे यंत्र बंद होते. तंत्रज्ञांच्या भाषेत ही ‘एस-३’ अवस्था. दुसऱ्या प्रकारात मेमरीतील सर्व मजकूर डिस्कवर उतरवून वीज पूर्ण तोडली जाते, ती ‘एस-४’. झोपणे तुलनेने सोपे असते. कठीण असते ते जागे होणे. पडद्याची चिप, ध्वनीची चिप, वायफाय, डिस्क अशी बहुतेक उपकरणे आपली पूर्वीची स्थिती विसरलेली असतात. ती प्रत्येकाला योग्य क्रमाने पुन्हा शिकवावी लागते, आणि शिकवणाऱ्याला ती आधी ठाऊक असावी लागते.

३/१७
१९९२ साली इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी ‘अ‍ॅडव्हान्स्ड पॉवर मॅनेजमेंट’, म्हणजेच एपीएम, हे मानक प्रसिद्ध केले. त्यात झोपेचा खरा कारभार बायॉसकडे होता. बायॉस म्हणजे यंत्रनिर्मात्याने चिपमध्ये भरून दिलेला मूळ प्रोग्रॅम. ऑपरेटिंग सिस्टीमने विनंती करावी आणि बायॉसने पुढचे सारे उरकावे, अशी ती व्यवस्था. लिनक्सलाही ती सोयीची होती. आतले तपशील ठाऊक नसले तरी चालत असे. मात्र बायॉसने चूक केली, तर ती सुधारण्याचा मार्ग ऑपरेटिंग सिस्टीमपाशी नव्हता. काम चालले तर चालले, अडले तर अडले.

४/१७
डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय हे नवे मानक आणले. त्याने सत्तेची जागा बदलली. कोणते उपकरण केव्हा झोपवायचे, हा निर्णय आता ऑपरेटिंग सिस्टीमने घ्यायचा होता. यंत्रनिर्मात्याने फक्त आपल्या यंत्राचे वर्णन काही तक्त्यांच्या रूपाने पुरवायचे. कागदावर हे हस्तांतर मुक्त स्रोत व्यवस्थांच्या हिताचे होते. व्यवहारात त्या तक्त्यांतच नव्या अडचणी निघाल्या.

५/१७
हे तक्ते म्हणजे निव्वळ माहितीची यादी नव्हती. त्यांत एएमएल नावाच्या सांकेतिक भाषेतील छोटे प्रोग्रॅम होते आणि ते चालवणारा दुभाषी ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नलमध्ये असावा लागे. हे प्रोग्रॅम तयार करणारी दोन साधने प्रचलित होती. मायक्रोसॉफ्टचे साधन चुकांकडे काणाडोळा करी. इंटेलचे साधन त्याच मजकुरात चुका दाखवी. यंत्रनिर्माते आपला लॅपटॉप विंडोजवर तपासत आणि बाजारात धाडत. त्यामुळे मानकात लिहिलेला नियम एक आणि विंडोज प्रत्यक्षात चालवून घेते ते दुसरेच, अशी स्थिती निर्माण झाली. लिनक्सच्या कर्नलकारांनी मानक वाचून काम केले आणि त्यांच्या वाट्याला चुकांनी भरलेले तक्ते आले.

६/१७
इथे एक दस्तऐवज महत्त्वाचा ठरतो. जानेवारी १९९९ मध्ये बिल गेट्स यांनी आपल्या सहकाऱ्यांना एक ईमेल पाठवला. एसीपीआयच्या विस्तारांना केवळ विंडोजपुरते मर्यादित करता येईल का, असा विचार त्यात मांडला होता. श्रम मायक्रोसॉफ्टने आणि तिच्या भागीदारांनी करायचे आणि लिनक्स मात्र आयते उत्तम चालायचे, ही गोष्ट त्यांना खटकत होती. अमेरिकेतील आयोवा राज्यात ग्राहकांनी मायक्रोसॉफ्टविरुद्ध चालवलेल्या दाव्यात हा ईमेल पुरावा म्हणून पुढे आला. तो दावा २००७ मध्ये तडजोडीने मिटला.

७/१७
इतिहासाच्या विद्यार्थ्याने या ईमेलपाशी सावध थांबावे. तो इच्छा सिद्ध करतो, कृती सिद्ध करत नाही. ‘यातून मार्ग नसेलही’ अशी शंका खुद्द त्या मजकुरातच आहे. लिनक्सवरील लॅपटॉप झोपेतून उठत नव्हते याचे कारण हा ईमेल, असे सांगणारी कथा रंजक आहे. पुराव्याला मात्र ती पेलत नाही. तपासणी एकाच व्यवस्थेवर होणे, उपकरणांची माहिती गुप्त ठेवणे आणि बाजारातील लिनक्सचा अल्प वाटा, एवढी कारणे यंत्रे बिघडवायला पुरेशी होती. कटाची गरज नव्हती. उपेक्षा पुरेशी होती.

८/१७
त्या उपेक्षेला कर्नलकारांनी दिलेले उत्तर मोठे विलक्षण आहे. यंत्राचे फर्मवेअर ऑपरेटिंग सिस्टीमला विचारू शकते, ‘तू अमुक विंडोज आहेस का?’ आणि उत्तरानुसार वेगळी वाट धरू शकते. लिनक्स अशा प्रश्नांना ‘होय’ म्हणते. कारण निर्मात्याने कसून तपासलेली वाट बहुधा तीच असते. उलट ‘तू लिनक्स आहेस का?’ या प्रश्नाला होकार देणे २००७ च्या सुमारास सर्वसाधारणपणे बंद करण्यात आले. त्या होकारामागच्या वाटा कोणी नीट तपासलेल्या नसत. परक्या राज्यात वेषांतर करून वावरणाऱ्या प्रवाशासारखी ही रीत आजही चालू आहे.

९/१७
दुसरी वाट फर्मवेअरला बगल देण्याची होती. गाबोर कुती आणि चेक प्रोग्रॅमर पावेल माखेक यांच्या कामातून ‘एसडब्ल्यूसस्प’ ही यंत्रणा उभी राहिली आणि २००२ मध्ये कर्नलच्या २.५ या विकासमालिकेत दाखल झाली. मेमरीतील मजकूर डिस्कवरील स्वॅप विभागात उतरवायचा, वीज तोडायची आणि पुढच्या वेळी तो परत मेमरीत भरायचा. यात बायॉसच्या मर्जीवर फारसे अवलंबून राहावे लागत नसे. धोका मात्र मोठा होता. झोपेच्या काळात डिस्कवरील मजकुराला कोणी हात लावला, तर जागे होताना सारा विदा नष्ट होऊ शकत असे. यंत्रणेच्या दस्तऐवजाच्या आरंभीच तसा ठसठशीत इशारा दिलेला असे.

१०/१७
याच यंत्रणेवरून घरातच वाद उद्भवला. नायजेल कनिंगहॅम यांनी ‘सस्पेंड-२’ ही वेगळी आवृत्ती विकसित केली. पुढे तिचे नाव ‘टक्सऑनआइस’ झाले. ती मजकूर दाबून लहान करी, प्रगती पडद्यावर दाखवी आणि अनेक वापरकर्त्यांना ती अधिक भरवशाची वाटे. तथापि तिचा विस्तार फार मोठा आहे आणि ती कर्नलच्या अनेक भागांत हात घालते, असे आक्षेप घेतले गेले. ती मुख्य कर्नलमध्ये कधीच समाविष्ट झाली नाही. मुख्य वाटेवरील जबाबदारी हळूहळू पोलंडचे राफाएल विसोत्स्की यांच्याकडे आली. वापरकर्त्यांना चालणारी वस्तू हवी होती आणि कर्नलकारांना सांभाळता येणारी. दोन्ही मागण्या रास्त होत्या.

११/१७
मेमरीवरच्या झोपेतला सर्वांत छळणारा शत्रू होता पडदा. यंत्र जागे झाले तरी पडद्याच्या चिपला तिची आरंभीची स्थिती कोणी परत देत नसे. ती कशी द्यायची, हे अनेक निर्मात्यांनी जाहीर केले नव्हते. मॅथ्यू गॅरेट यांच्या ‘व्हीबीईटूल’ने चिपमधलाच आरंभीचा प्रोग्रॅम पुन्हा चालवण्याची युक्ती साधली. ती काही यंत्रांवर चाले, काहींवर चालत नसे. मग ‘एस-२-रॅम’ या साधनाबरोबर एक यादी आकाराला आली. अमुक कंपनीचे अमुक मॉडेल असेल, तर अमुक युक्ती वापरा. सामान्य वापरकर्ते आपापल्या लॅपटॉपवर प्रयोग करून निष्कर्ष कळवत आणि यादी लांबत जाई. निर्मात्यांनी न दिलेली माहिती ग्राहकांनी एकेक ओळ करून गोळा केली.

१२/१७
पण जागे होतानाच यंत्र गोठले तर? पडदा काळा, कळफलक मृत, डिस्क अजून उठलेली नाही. नोंद लिहायची कुठे? वीज तोडली की मेमरीही पुसली जाते. २००६ मध्ये लिनस टोर्व्हाल्ड्स यांनी यावर ‘पीएम-ट्रेस’ हा उपाय काढला. लॅपटॉपमध्ये एकच साक्षीदार असा असतो की जो यंत्र बंद-चालू करूनही आपले स्मरण राखतो. तो म्हणजे स्वतःच्या बॅटरीवर चालणारे आतले घड्याळ.

१३/१७
जागे होण्याच्या प्रत्येक टप्प्यावर कर्नल त्या घड्याळात वेळेऐवजी एक सांकेतिक आकडा लिही. यंत्र गोठले की बळजबरीने बंद करायचे आणि लगेच पुन्हा चालू करायचे. नवा कर्नल घड्याळातील आकडा वाचे, प्रत्येक उपकरणाच्या नावाशी ताडून पाही आणि कोणत्या उपकरणापाशी घात झाला असावा ते सांगे. या साक्षीची किंमत म्हणून घड्याळ भलतीच तारीख दाखवू लागे. काळाची नोंद पुसून मृत्यूचे ठिकाण नोंदवणारे हे घड्याळ संगणकाच्या इतिहासातील एक अजब दस्तऐवज होय. ही सोय कर्नलमध्ये आजही आहे.

१४/१७
पडद्याचा प्रश्न मुळातून सुटू लागला तो मार्च २००९ नंतर. तोवर पडद्याच्या चिपचा कारभार बव्हंशी कर्नलबाहेरचा एक्स सर्व्हर पाहत असे. जागे होताना कर्नलला त्या चिपविषयी फारसे ठाऊकच नसे. कर्नलच्या २.६.२९ या आवृत्तीत इंटेलच्या चिपसाठी ‘कर्नल मोड सेटिंग’ आले आणि तो कारभार कर्नलच्या हाती गेला. पुढच्या काही आवृत्त्यांत रेडिऑन आणि एनव्हिडियाच्या चिपांनाही ही व्यवस्था लागू झाली. व्हीबीईटूल आणि ती लांबलचक यादी हळूहळू अनावश्यक ठरली. असंख्य लोकांनी जमवलेली ती माहिती विस्मरणात गेली. मात्र ती निरुपयोगी ठरणे हेच तिचे यश होते.

१५/१७
प्रश्न संपला असे वाटत असतानाच झोपेची व्याख्या बदलली. २०१२ च्या विंडोज ८ बरोबर ‘कनेक्टेड स्टँडबाय’ आले आणि विंडोज १० मध्ये त्याचे ‘मॉडर्न स्टँडबाय’ झाले. लॅपटॉपने फोनसारखे अर्धवट जागे राहावे, ही त्यामागची कल्पना. प्रोसेसर वरवर चालूच असतो आणि सगळी उपकरणे शांत झाली तरच तो खोल विश्रांतीत उतरतो. एक डिस्क किंवा एक यूएसबी उपकरण जागे राहिले, तरी बॅटरी रात्रभर झिरपते आणि बॅगेतला लॅपटॉप तापतो. झोपलेल्याला जागे करता येते, झोपेचे सोंग घेतलेल्याला नाही, असे म्हणतात. इथे अडचण उलटी होती. सोंग घेतलेल्या यंत्राला खरोखर झोपवायचे होते.

१६/१७
लिनक्सने २०१३ मध्ये, ३.९ या आवृत्तीत, या उथळ झोपेला जागा करून दिली. २०१७ च्या ४.१० पासून यंत्राला कोणत्या झोपा येतात आणि सध्या कोणती निवडली आहे, हे ‘मेम-स्लीप’ नावाच्या एका छोट्या फाइलीत उघड दिसू लागले. ‘एस-२-आयडल’ म्हणजे उथळ झोप, ‘डीप’ म्हणजे जुनी एस-३. आजही झोपेची तक्रार आली की जाणकार पहिल्यांदा हीच फाइल पाहायला सांगतात. तिथे ‘डीप’ हा शब्द असेल, तर तो निवडून पाहता येतो. मात्र अनेक नव्या लॅपटॉपांत तो शब्दच नसतो; निर्मात्याने एस-३ काढून टाकलेली असते. तेव्हा कोणते उपकरण जागे राहते, हे शोधून त्याचा ड्रायव्हर सुधारणे एवढाच मार्ग उरतो.

१७/१७
२०१८ मध्ये लेनोव्होच्या थिंकपॅड एक्स-१ कार्बनच्या सहाव्या पिढीत आरंभी एस-३ नव्हती. वापरकर्त्यांनी फर्मवेअरचे तक्ते उलगडून, दुरुस्त करून ती परत मिळवली आणि कृती सर्वांसाठी लिहून ठेवली. त्याच वर्षी कंपनीने बायॉसच्या सुधारित आवृत्तीत झोपेसाठी दोन पर्याय दिले: ‘विंडोज १०’ आणि ‘लिनक्स’. ज्या नावाला होकार देणे कर्नलकारांनी एकेकाळी धोक्याचे ठरवले होते, तेच नाव आता निर्मात्याच्या यादीत अधिकृतपणे छापलेले होते. एसीपीआय मानकाचा ताबाही २०१३ पासून यूईएफआय फोरम या अनेक कंपन्यांच्या संस्थेकडे आहे. सत्तेचा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. प्रत्येक नव्या चिपबरोबर तो पुन्हा उभा राहतो. एखाद्या विद्यार्थ्याचा जुना लॅपटॉप लिनक्सवर झाकण उघडताच जागा होतो, तेव्हा त्यामागे नामवंत कर्नलकार जितके असतात, तितकेच आपल्या यंत्राची एक ओळ यादीत भरून गेलेले अनाम लोकही असतात. (समाप्त)