सुताराची झोपडी

शनिवारची शाळा सकाळची. घंटा झाली की मुले जितक्या घाईने दप्तरे उचलतात, तितक्याच घाईने मी हातातला खडू खाली ठेवतो. त्या दिवशी माझ्या पिशवीत तपासायच्या वह्यांच्या जोडीला एक लहान रंधा, दोन पटाशा आणि एक गुण्या असतो, हे आता साऱ्या सोयगावाला ठाऊक झाले आहे. माझ्या घरी तर ते फारच ठाऊक आहे. "रविवारी घरात नवरा नसतो, भुसा असतो," असे आमच्या मंडळींचे मत आहे, आणि ते खोटे आहे असे मला म्हणता येत नाही.

आम्ही चौघे आहोत. एक निवृत्त पोस्टमास्तर, एक कंपाउंडर, एक शिंपीदादा आणि मी. चौघांनाही लाकूडकामाची हौस, आणि चौघांपैकी एकाच्याही घराण्यात कुणी कधी करवत धरलेली नाही. आमचा अड्डा जमतो तो गावातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींच्या पडवीत. शनिवारी दुपारी मापे घ्यायची, रेघा मारायच्या, पुढचे बेत करायचे, रविवारी कापाकापी. पोस्टमास्तरांचा नातीसाठी पाळणा चालला आहे; नात आता धावू लागली तरी तो चालूच आहे. कंपाउंडरने औषधाच्या बाटल्यांसाठी फडताळ केले. शिंपीदादांची मापे बिनचूक असतात, पण लाकूड कापडासारखे मागे दुमडता येत नाही याचा त्यांना फार राग येतो. माझे पुस्तकांचे कपाट उभे आहे. एका पायाखाली पुठ्ठा घातला आहे, इतकेच.

लाकूड आम्हांला कुठून मिळते? आमच्या भागातली जुनी माळवदाची घरे आता एकेक करून उतरत आहेत आणि त्या जागी स्लॅब पडत आहेत. पन्नास-पाऊणशे पावसाळे पाहिलेल्या सागवानी तुळया अंगणात येऊन पडतात आणि पुष्कळदा तिथून थेट चुलीत जातात. त्या चुलीत जाण्याआधी गाठणे, हाच आमच्या मंडळाचा मुख्य उद्योग.

गेल्या हिवाळ्यात अशीच एक तुळई आणली. तिच्या टोकाला कुसवाचे भोक होते, इतके नेटके की पोस्टमास्तरांनी त्यात बोट घालून पाहिले आणि काढता काढता त्यांची त्रेधा उडाली. मी शिक्षकी उत्साहात म्हणालो, "मिस्त्री, हौसेने केलेल्या कामात जो आनंद असतो, तो पोटासाठी केलेल्या कामात नसतो, नाही का?"

मिस्त्रींनी रंधा थांबवला. "गुरुजी," ते म्हणाले, "तुमचं कपाट डुगडुगतं, त्याचं लोक कौतुक करतात. गुरुजी असून केलं, म्हणतात. माझ्या बापाचा नांगर जर असा डुगडुगला असता, तर त्या साली बलुतं आलं नसतं. तुमचा तो रविवार, आमचा तो जन्म."

मी गप्प झालो. वर्गात मी 'बलुतेदारी' हा धडा शिकवतो. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ सालच्या 'गावगाडा' या ग्रंथात गावच्या सुताराला बलुतेदारांत मानाच्या ओळीत बसवले आहे, हे मी मुलांना सांगतो. नांगर, वखर, पाभर, गाडीचे चाक हे सारे त्याच्या हातचे. आणि सुगीला खळ्यावर त्याचा वाटा. १९०३ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासेल म्हणून शेतकरी तो घेईनात, ही गोष्ट मुलांना फार आवडते. वर्गात हशा पिकतो. पण तो नांगर शेवटी खपला, पाठोपाठ लोखंडी धावा गेल्या, रबरी टायरच्या गाड्या आल्या, ट्रॅक्टर आला. आणि दर वेळी गावातली एक पडवी ओस पडत गेली, हे मी मुलांना कधी सांगितले नव्हते. ते माझ्याच ध्यानात आले नव्हते.

मिस्त्रींचा मुलगा पुण्याकडे फर्निचरच्या कारखान्यात आहे. तिथे यंत्र फळ्या कापते आणि यंत्रच कडा चिकटवते. बापाची हत्यारांची पेटी त्याने नेली नाही.

त्या दिवशीच्या बोलण्याचा सल माझ्या मनात राहिला होता. म्हणून मी बेत मांडला: पुढच्या रविवारी करवत बंद, मिस्त्रींना घेऊन अजिंठ्याच्या लेण्यांत जायचे. लेणी आमच्याच सोयगाव तालुक्यातली. जगभरचे लोक येऊन जातात, आणि मिस्त्री लहानपणी एकदा जत्रेला गेल्यासारखे गेले होते, तेवढेच.

फर्दापूरच्या तिठ्यावरून बस धरली आणि वाघोरेच्या वळणावरच्या त्या काळ्या कड्यापाशी पोचलो. लोक तिथे चित्रे पाहायला जातात. आम्ही दहाव्या लेण्यात शिरलो आणि आमचे मिस्त्री मान वर करून जे उभे राहिले, ते हलेनात.

दहावे लेणे इथल्या सर्वांत जुन्यांपैकी, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे चैत्यगृह. सुमारे साडेतीस मीटर खोल आणि बारा मीटर रुंद असे दालन, दोन्ही बाजूंनी आणि स्तूपामागून फिरलेली अष्टकोनी खांबांची रांग, सगळे मिळून ३९ खांब. वर गाडीच्या टपासारखे गोल छत. त्या छताला मधल्या दालनात एके काळी लाकडाच्या कमानदार फासळ्या बसवलेल्या होत्या. त्या गेल्या; त्यांच्या खुणा राहिल्या. बाजूच्या अरुंद दालनांत मात्र तशाच फासळ्या दगडातच कोरलेल्या आहेत.

"गुरुजी, हे सुताराचं घर आहे," मिस्त्री हलकेच म्हणाले. "दगडात काढलंय, पण काढणाऱ्याच्या डोळ्यांपुढं लाकूड होतं. नाहीतर डोंगराच्या पोटात वासे कशाला लागतात? डोंगर काय खाली येणार होता?"

विद्वानांनी मोठमोठ्या ग्रंथांत जे सिद्ध केले आहे, ते त्यांनी असे एका वाक्यात सांगितले. आपल्याकडे पहिली मोठी बांधकामे लाकडाची. मेगॅस्थनीसने पाटलिपुत्राचा लाकडी तट पाहून लिहून ठेवला आहे. तो काळ लोटला, लाकूड कुजले, जळाले, वाळवीने खाल्ले. पण बिहारातल्या बराबरच्या डोंगरात लोमश ऋषीची गुहा मौर्यकाळात कोरली, तेव्हा तिचे दार कोरणाऱ्याने वाशांची टोकेसुद्धा दगडात काढली. आपल्या मावळात भाज्याच्या चैत्यगृहाचे खांब वरच्या अंगाला आत कललेले आहेत. लाकडी घरात छताचा रेटा बाहेर पडतो म्हणून खांब आत कलते रोवावे लागतात. दगडात त्याचे काहीच काम नव्हते. पण हाताला जी सवय लागली होती, ती दगड हाती आला म्हणून सुटली नाही.

पुढे अजिंठ्यातच पाचव्या शतकात एकोणिसावे आणि सव्विसावे ही चैत्यगृहे झाली. तिथे मधल्या छताच्या फासळ्याही दगडाच्याच. सव्विसाव्या लेण्यातल्या लेखात बुद्धभद्र नावाचा भिक्षू सांगतो, की अश्मक राजाचा अमात्य भव्विराज याच्याशी आपली जन्मोजन्मीची मैत्री आहे आणि त्याच्यासाठी हे काम केले. कंपाउंडर म्हणाले, "म्हणजे दोस्तांनी मिळून काढलेलं काम, आपल्यासारखंच!" पोस्टमास्तरांनी त्यांना, त्या दोस्तांचे काम पुरे झाले होते, याची आठवण करून दिली.

आणखी दोन शतकांनी वेरूळला दहाव्या क्रमांकाचे लेणे झाले. त्याच्याही छतावर अशाच दगडी फासळ्या. त्याला लोकांनी नाव दिले 'सुतार का झोपडा'. आतल्या प्रलंबपाद बुद्धाला आमच्याकडच्या सुतारांनी आपला विश्वकर्मा मानले आणि पिढ्यान्पिढ्या त्याच्या पायाशी डोके ठेवले. इतिहासकार म्हणतील, ही लोकांची चूक. मला आता तसे वाटत नाही. ज्या छताखाली उभे राहताच आपल्या हातचे काम ओळखू येते, तिथे आपला देव असणार, असे सुताराला वाटले तर त्यात त्याचे काय चुकले?

दहाव्या लेण्यातून निघता निघता मी माझी विद्या पाजळली. दर्शनी भागावर ब्राह्मी लेख आहे. वासिष्ठीपुत्र कटहादी याने हे 'घरमुख', म्हणजे घराचा दर्शनी भाग, दान दिला, असा त्याचा अर्थ. आणि आत एका खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने आपले नाव खरडले आहे. २८ एप्रिल १८१९ रोजी शिकारीच्या निमित्ताने आलेल्या त्याच्या नजरेला ही लेणी पडली आणि ती पुन्हा जगापुढे आली.

मिस्त्रींनी ऐकून घेतले. मग विचारले, "म्हणजे ज्यानं दिलं त्याचं नाव आहे. ज्यानं पाहिलं त्याचंही आहे. ज्यानं केलं त्याचं कुठं आहे?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. परतताना बसमध्ये कुणी फारसे बोलले नाही.

त्या आठवड्यात माझ्या वह्या तपासायच्या राहिल्या. होती नव्हती ती पुस्तके खाली काढली (कपाटाचा पुठ्ठा त्यात सरकला, तो पुन्हा बसवावा लागला) आणि शुक्रवारी रात्री मला हवे ते सापडले. लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या चैत्यगृहात, दाराच्या बाजूलाच, एक छोटा लेख आहे. धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या 'वढकी'ने, वेणुवासाच्या मुलाने, हे घराचे मुख केले. वढकी म्हणजे वाढई, म्हणजे सुतार. अजिंठ्याचा कटहादी 'दिले' म्हणतो. सामी 'केले' म्हणतो. आणि त्याच कार्ल्याच्या छताला जुन्या लाकडी फासळ्या आजही तशाच उभ्या आहेत. जवळजवळ दोन हजार पावसाळे डोंगराबाहेर पडून गेले, त्या जागच्या हलल्या नाहीत. भाज्यालाही काही फासळ्या टिकल्या आहेत, आणि तिथल्या लाकडावर ब्राह्मी अक्षरेसुद्धा सापडली आहेत.

शनिवारी शाळा सुटताच मी धावत पडवीत गेलो आणि मिस्त्रींना हे सारे वाचून दाखवले. मला वाटले होते ते हसतील, काहीतरी मार्मिक बोलतील. ते बराच वेळ पटाशीची धार अंगठ्याने चाचपत राहिले.

"बापाचंही नाव घातलंय?" त्यांनी विचारले.

"हो. वेणुवास."

"मग पोरगं चांगलं होतं," ते म्हणाले.

त्याच दुपारी आमचे नवे काम ठरले. त्या जुन्या तुळईच्या सागवानातून दहाव्या लेण्याच्या छताची लहान प्रतिकृती करायची, गेलेल्या फासळ्यांसह, आणि ती आमच्या शाळेत ठेवायची. गोलाई कशी आणायची, यावर चौघांचे पाच बेत निघाले. मिस्त्रींनी ते सगळे ऐकून बाजूला ठेवले आणि बैलगाडीच्या चाकाचा घेर जसा लहान लहान तुकड्यांनी सांधतात, तशी फासळी सांधायला शिकवली. पहिल्या तीन आम्ही वाया घालवल्या. चौथी बसली. ती बसली तेव्हा जो आवाज झाला, लाकडात लाकूड शिरल्याचा तो एक मऊ, भरीव टक्, त्याला दुसरे नाव नाही. आता अकरा झाल्या आहेत.

मी आता हौस आणि पोट यांची तुलना करीत नाही. आमच्या रविवारांनी मिस्त्रींच्या पडवीतला सोमवार परत येणार नाही, हे मला कळते. त्यांच्या मुलाला कारखाना सोडून ये असे सांगण्याचा अधिकार आमच्यापैकी कुणाला नाही. पण कुसवाचे भोक किती सूत तिरपे घ्यावे, हे गावात कालपर्यंत एका माणसाच्या हाताला ठाऊक होते. आज ते आणखी चार अडाणी हातांना थोडेथोडे ठाऊक आहे, आणि शाळेची सहा-सात मुले शनिवारी दारात उभी राहून पाहू लागली आहेत. लाकडाची आठवण दगडाने दोन हजार वर्षे जपली. माणसांनी एक पिढीभर जपायला काय हरकत आहे?

या दिवाळीच्या सुटीत पाचही जणांनी कार्ल्याला जायचे ठरले आहे. मिस्त्रींचा मुलगा पुण्याहून तिथे येतो म्हणाला आहे. प्रतिकृतीच्या एका फासळीवर, आतल्या बाजूने, मिस्त्रींनी आपले नाव कोरावे असा आम्ही आग्रह धरला. ते कबूल होईनात. शेवटी गेल्या रविवारी आम्ही चहाला उठलो असताना त्यांनी पटाशी उचलली. परत येऊन पाहतो तो पाचव्या फासळीच्या आत बारीक अक्षरे होती. नाव त्यांचे नव्हते, त्यांच्या वडिलांचे होते.